तिसरा ठोका

आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं असलं की आई चमच्याने टेबलावर तीन ठोके देते. बाबांना कानांनी काही ऐकू येत नाही, पण लाकडातून आलेलं त्यांच्या कोपराला बरोबर कळतं. एक टोला म्हणजे प्रश्न, सगळं बरं ना? दोन ठोके म्हणजे ठीक. तीन म्हणजे हातातलं टाक आणि इकडे ये. पाहुण्यांना वाटतं आमचं अख्खं घर थोडं सटकलेलं आहे. वाटू दे.

ही भाषा पुलावरची. बाबांनी पन्नाशीपर्यंत पुलांचे रिव्हेट वाजवले. जुन्या पोलादी पुलात वेल्डिंग नसतं, हजारो रिव्हेट ठोकून तो बांधलेला असतो, आणि त्यातला कुठला सैल झालाय हे बघून कळत नाही. एकाने आतल्या बाजूने हातोडीचा टोला द्यायचा, दुसऱ्याने पलीकडे रिव्हेटच्या डोक्यावर बोट ठेवायचं. बोटाला झिणझिणी आली की सैल, नाही आली की पक्का. मध्ये जाड पोलादी पाट्या, एकमेकांचं तोंड दिसत नाही. कानात कापसाचे बोळे, नाहीतर दोन वर्षांत बहिरेपण. ते बोळे घालूनही बाबांचं बहिरेपण टळलं नाही, ही गोष्ट वेगळी. तर पलीकडचा छोट्या हातोडीने पोलादावरच उत्तर द्यायचा. ते हातातून, पायातून कळायचं.

टोला बाबांचा, बोट काकांचं. काका सख्खे नव्हते, पण मला सख्ख्यांहून जवळचे. मी टेबलाखाली बसायचे आणि बाबा वरून टोला द्यायचे, तेव्हा काका मला शिकवायचे. मी उतावळी, टोला पडायच्या आधीच दोन ठोके देऊन मोकळी व्हायचे. मग बाबा वाकून खाली बघायचे.

"टिचके, टोल्याआधी उत्तर आलं म्हणजे पलीकडच्याने बोट लावलेलंच नाही. ते उत्तर खोटं."

आणि काका मिशीत हसायचे. मी नऊ वर्षांची असताना काका पुलावरून पडून गेले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

तोच पूल मला त्या दिवशी तपासायचा होता.

पूल नदीच्या वाकणावर आहे, शेतांच्या मधोमध. सहा कैच्या, म्हणजे तिरप्या पोलादी दांड्यांच्या चौकटी, प्रत्येक कैची दुमजली घराएवढी उंच. खालच्या अंगाला नवा काँक्रीटचा पूल झाल्यापासून जुन्यावरून सायकली आणि ट्रॅक्टरच जातात. तोंडाशी एक पाटी आहे, 'ऐतिहासिक वारसा'. एकदा वारसा म्हटलं की दुरुस्तीचा विषय संपतो आणि फोटोंचा सुरू होतो. पण नव्या पुलाच्या एका खांबाला तडा गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून हमरस्त्याची सगळी वाहतूक, मालट्रक आणि बसेससकट, जुन्यावर वळवायची ठरली. त्यासाठी तपासनिसाची सही हवी. तपासनीस मी.

सकाळी निघताना बाबांनी मला स्वयंपाकघरात अडवलं. त्यांच्या हातात त्यांची जुनी हातोडी होती. दांडा त्यांच्या घामाने काळा झालेला.

"ही ने," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं ते जरा मोठ्याने बोलतात, पण तेव्हा आवाज खाली होता. "आठव्या सांध्याचे खालचे अकरा रिव्हेट. ते स्वतः वाजव. बोट पण तूच लाव."

मी मान हलवली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्या अकरांच्या पुढे नोंदवहीत 'ठीक' लिहिलंय, ते माझ्या हातचं आहे. उत्तर कोणाचं होतं ते मला ठाऊक नाही."

हे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कागदावर एवढंच होतं की आठवा सांधा पूर्ण करून नवव्याकडे जाताना काका बाहेरच्या अंगाला ज्या टांगत्या फळीवर उभे राहायचे तिचा एक दोर सुटला. मग बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काठावर एक गुरं चारणारी बाई होती. तिने चौकशीत सांगितलं, की फळी एका दोराला लटकलेली तिने पाहिली, ती लोकांना बोलवायला धावली, आणि धावताना तिला पुलावरचे ठोके ऐकू येतच होते. बाईची वेळेची गफलत झाली, असं साहेबांनी लिहून टाकलं. बाबांना माहीत होतं, गफलत नव्हती. त्या सांध्याच्या खालच्या ओळीत अकरा टोले त्यांनी दिले होते, अकराही वेळा उत्तर आलं होतं. दोन ठोके. ठीक. मग पुढच्या सांध्याचा इशारा दिला तेव्हा उत्तर आलं नाही. ते वळसा घालून गेले, तर फळी लोंबकळत होती आणि खाली पुराचं पाणी.

"लोक म्हणतात तो गेल्यावरही काम पुरं करून गेला," बाबा म्हणाले. "मीही तसंच म्हणत आलो. पण तू बघून ये. आणि आल्यावर मला खरं सांग."

बावीस वर्षांत बाबा त्या पुलावर गेले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. गोदामात बदली मागून घेतली होती त्यांनी. पलीकडच्या गावी लग्नाला जायचं तरी ते नव्या पुलाने जायचे, आणि जाताना दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला वाटायचं, ऊन लागतं म्हणून.

जीप पुलाच्या तोंडाशी थांबली. खात्याने मला मदतनीस म्हणून ड्रायव्हरच दिला होता. भला माणूस, पण उपयोग शून्य.

"ताई, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं," त्याने आधीच सांगून टाकलं. "मी इथून लक्ष ठेवतो."

"कशावर लक्ष ठेवणार?"

"तुमच्यावरच की! पडलात तर फोन करीन."

असल्या आधारावर मी कामाला लागले. ऊन चांगलं वर आलं होतं. नदीला पाणी बेताचं, आवाज नव्हता. मी एकटीच असल्याने आतून टोला द्यायचा आणि डावा हात पाटीच्या कडेवरून पलीकडे घालून बोट लावायचं, असं चाललं होतं. पक्का असला की खडूची रेघ, सैल असला की गोल. पहिल्या चार सांध्यांवर मला तीनच गोल काढावे लागले. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या मानाने दात उत्तम होते.

जुनी नोंदवही सोबत होती. ती चाळून मात्र माझं डोकं फिरलं. बाबांच्या नंतरच्या प्रत्येक तपासणीत आठव्या सांध्यापुढे तेच शब्द, तोच क्रम, एका ठिकाणी तर बाबांनी खाडाखोड केलेला आकडाही तसाच खोडून लिहिलेला. मागील पानावरून पुढे चालू! बावीस वर्षांत त्या अकरांना एकाही माणसाचं बोट लागलेलं नव्हतं.

सहाव्या सांध्यावर मला पहिल्यांदा ते जाणवलं.

मी टोला दिला, आणि पायाखालून दोन ठोके आले. बारीक, लांबून, पण स्वच्छ. मी थांबले नाही. हाताला लय लागलेली असते. टोला, दोन मोजायचे, पुढचा टोला. बाबांचीच लय माझ्या हातात उतरली आहे. पुढचा टोला दिला, पुन्हा दोन ठोके. पोलाद लांब आहे, मी स्वतःला समजावलं. एक प्रतिध्वनी जवळच्या खांबावरून, एक लांबच्या. पुस्तकात असंच आहे. पुस्तकात हेही आहे की दोन्ही प्रतिध्वनी एकाच जोराचे येत नाहीत, पण ते मी आठवायचं टाळलं.

सातव्या सांध्यावर ते मोठे झाले. आवाज पुढून येत होता, आठव्याकडून. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि तरी हात चालूच होता. लाज वाटते सांगायला, पण मला थोडं बरंही वाटत होतं. पलीकडे कोणीतरी आहे, आपण एकट्या नाही, असं काहीतरी. एकदा तर पक्क्या रिव्हेटला बोट न लावताच, उत्तर आलं म्हणून, मी रेघ ओढली. मग स्वतःला शिवी घालून परत बोट लावलं.

आठव्या सांध्याची पाटी सगळ्यांत रुंद. तिच्यावरून हात पलीकडे पोहोचत नाही. म्हणजे आधी आतून वाजवायचं आणि मग बाहेर उतरून, तिथून पुन्हा वाजवत, बोटाने बघायचं. मी गुडघ्यावर बसले आणि खालच्या ओळीतला पहिला रिव्हेट वाजवला.

दोन ठोके. अगदी समोर. पाटीच्या दुसऱ्या अंगाला, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. पाटी दोन बोटं जाड आहे. त्यामागे उघडं आकाश आणि नदी.

दुसरा रिव्हेट. दोन ठोके. तिसरा. दोन ठोके. ठीक, ठीक. चौथ्याला टोला दिला आणि घामाने भिजलेल्या बोटांतून खडू निसटला. तो पकडायला मी हात पुढे केला, आणि पाचवा टोला द्यायचा राहून गेला.

दोन ठोके आले. आणि मग, जेव्हा माझा टोला पडला असता नेमक्या त्या क्षणी, तिसरा आला.

मी तशीच बसून राहिले. खडू खाली नदीत गेला. तीन म्हणजे हातातलं टाक आणि इकडे ये. माझ्या घरात हे तीन ठोके आले की मी आजवर कधी बसून राहिलेले नाही, आणि तेव्हा मात्र पाय हलेनात. दोन वेळा मनाशी म्हटलं, ऊठ. तिसऱ्या वेळी उठले.

दोरीची शिडी कठड्याला बांधली, पट्ट्याची आकडी वरच्या तुळईत अडकवली, ती ओढून तीनदा तपासली, आणि बाहेरच्या बाजूने उतरले. तिथे कोणी नव्हतं. कोण असणार! पाटीवर रिव्हेटांची डोकी ओळीने उभी होती, रंगाचे थर चढून फुगलेली. मी अजून दोन पायऱ्या उतरले. पाटीच्या खाली पुलाची सगळ्यांत खालची तुळई आहे. तिला एक अरुंद कडा आहे, चार बोटं मावतील एवढी. फळीवरून घसरलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशी तेवढीच एक जागा.

त्या कडेपासून हातभर अंतरावर, जिथे एकही रिव्हेट नाही, जिथे तपासण्यासारखं काहीच नाही, तिथे पोलादावर खळगे होते.

लहान हातोडीचे खळगे. त्यांच्यावरून पुढे एकदा रंग फिरला होता, पण उन्हाच्या तिरपेत ते स्पष्ट दिसत होते. तीन, मग थोडी जागा, मग तीन. मी बोटाने मोजले. पहिले खोल होते. पुढचे उथळ होत गेले. शेवटचे तर बोटालाच कळत होते, डोळ्यांना नाही. तिनाचे अकरा गट होते.

काका पडले नव्हते. निदान लगेच नाही. एका हाताने कडेला लटकून ते दुसऱ्या हाताने बाबांना बोलवत होते. पुराचा आवाज, बाबांच्या कानात कापूस, ओरडून काय उपयोग? बाबांपर्यंत पोहोचणारं एकच होतं, पोलाद. त्यांनी बरोबर तेच केलं.

आणि मग आतून टोला पडला.

मी शपथेवर सांगते. माझी हातोडी माझ्या कमरेला होती. आत, मी मघाशी बसले होते तिथे, कोणीतरी पहिल्या रिव्हेटवर टोला दिला. कसलेला, सावकाश, भरवशाचा टोला. तो हात मी झोपेतही ओळखेन.

मी हातोडी काढली आणि त्या खळग्यांच्या शेजारी वाजवली. एक, दोन, आणि तिसरा ठोका द्यायला हात उचलला तोच आतला पुढचा टोला त्याच्यावर पडला. माझा ठोका त्याच्यात बुडून गेला. मी पुन्हा वाजवले. एक, दोन, टोला. पुन्हा. "बाबा, थांबा!" मी ओरडले, "बाबा, तीन आहेत!" आणि टोला पुढच्या रिव्हेटवर गेला. काम चोख, लय पक्की. आमची जोडी खात्यात सगळ्यांत वेगवान, असं काका किती अभिमानाने सांगायचे. दोन ऐकल्यावर तिसऱ्यासाठी थांबायची बाबांना कधी गरजच पडली नव्हती.

अकरावा टोला पडला. त्यानंतर एक इशाऱ्याचा टोला, पुढच्या सांध्यासाठी. मी उत्तर दिलं नाही. माझ्यात वाजवायचा जोर उरला नव्हता, आणि मी तर पट्ट्याला, शिडीला बांधलेली होते.

वर आले तेव्हा ड्रायव्हर पुलाच्या मध्यापर्यंत चालत आला होता, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पांढराफटक.

"ताई, खाली एवढं काय ठोकत होतात? आणि कोणाला ओरडत होतात?"

"वर कोणी आलं होतं?"

"कोण येणार? मीच एवढा आलोय, माझंच मला आश्चर्य वाटतंय."

मी त्याला पाणी मागितलं. मग पुन्हा बसले आणि ते अकरा रिव्हेट आतून वाजवले, बाहेर उतरून डोक्याच्या कडेला बोट लावून पुन्हा वाजवले. टोल्यानंतर प्रत्येक वेळी मनात तीन मोजून थांबले. काही आलं नाही. पोलाद नुसतं पोलादासारखं वाजलं. नऊ पक्के होते, दोन सैल. ते बदलेपर्यंत ट्रक आणि बसेस सोडायच्या नाहीत असं मी लिहिलं आणि सही केली. साहेब फोनवर पुष्कळ बोलले. मी ऐकून घेतलं.

घरी पोहोचले तेव्हा ऊन अजून होतं. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, सकाळचाच शर्ट अंगात. समोरचा चहा तसाच, साय धरलेला. आई मला बघून बाहेर गेली.

वाटेत जीपमध्ये मी सगळं ठरवलं होतं. बावीस वर्षं ह्या माणसाने एक गोष्ट उराशी धरून दिवस काढले, की मित्र जाता जाता काम पुरं करून गेला. आता त्यांचं वय बाहत्तर. खरं सांगून काय साधणार? काका परत येणार होते थोडेच? दोन सैल निघाले म्हणावं, बाकी ठीक. हेही खरंच होतं. मला रडू येत होतं आणि मी ते खिडकीबाहेर बघून गिळत आले होते. बाबांसारखीच.

मी समोर बसले. बाबांनी टेबलावर हात पालथा ठेवला. मी त्यांच्या हाताशेजारी बोटाने वाजवलं. दोन. ठीक.

बाबांनी माझ्या बोटाकडे पाहिलं.

"टिचके," ते म्हणाले, "मी अजून टोला दिला नव्हता."

मला वर बघवेना. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर आला, थांबला, आणि मग त्यांनी एकच टोला दिला. हळू. त्यात प्रश्न होता, आणि मला वाटतं, त्याचं उत्तर त्यांना बावीस वर्षांपासून माहीत होतं. फक्त पलीकडून कोणीतरी बोट लावून यायला हवं होतं.

मी एक ठोका दिला. दुसरा दिला. माझं बोट हवेत राहिलं. बाबांनी हात काढून घेतला नाही, नजरही हलवली नाही. या वेळी ते थांबले.

मी तिसरा दिला.